जुन्या लोडरचे लिफ्ट जॅक बसतात – परत सील किट टाकू की दुसरं काही बघू?

गाळा_नंबर_९ (धागाकर्ता)

मंडळी, काकांचं बॅकहो लोडर आहे, ऐंशीच्या दशकातलं, ब्रिटिश डिझाइनचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती भारी की ही भारी" वर जाईल. मानखुर्दला आमच्या गाळ्यामागे उभं असतं. धंद्याला आता दुसरं मशीन आहे, हे फक्त आवारातली खडी-माती इकडची तिकडे करायला. दारूखान्याचे भंगारवाले दलाल अधूनमधून येऊन किलोवर भाव सांगतात. काका त्यांना चहा पाजून वाटेला लावतात.

दुखणं असं: पुढची बकेट वर नेऊन इंजिन बंद केलं की आर्म आपोआप खाली येतात. वर ठेवून टपरीवर जाऊन आलं की बकेट जमिनीला टेकलेली. शिवाय डाव्या जॅकच्या (आर्म उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या) रॉडवरून तेल ओघळतंय. दिवाळीत दोन्ही जॅकना सील किट टाकून घेतलं होतं. ओघळ थोडे दिवस थांबला, बसणं तेव्हाही तसंच होतं. आता मिस्त्री म्हणतो, "किट लोकल निघालं, ओरिजिनल टाकू. नाहीतर जॅकच नवीन घ्या."

पाऊस तोंडावर आलाय. फोटो जोडले आहेत. काय करावं?

तळोजा_रेंटल

नवीन जॅक घ्या आणि मोकळे व्हा. माझ्याकडे मशीन तासावर चालतं. जॅक खोलून लेथवाल्याकडे, तिथून क्रोमवाल्याकडे, परत लेथवाल्याकडे असं फिरत बसलो तर ऑपरेटरचा पगार अंगावर आणि साइटवाल्याच्या शिव्या वर. जुन्या लोखंडावर माया ठीक आहे, पण ती सुट्टीच्या दिवशी.

टर्नरकाका

रेंटलवाल्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण या मशीनला तासाचा हिशेब नाही, आणि इतक्या जुन्या मॉडेलचा नवीन जॅक म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच मॉडेलचा जॅक, डोळा (पिन जायचं टोक) कापून वेल्ड केलेला. त्यापेक्षा आहे त्याचं माप घे.

गाळेवाल्या, तीन प्रश्न. दिवाळीत किट टाकताना रॉड मायक्रोमीटरने मोजला होता का? बॅरल, म्हणजे जॅकची नळी, आतून कोणी मोजलं का? आणि जॅक जिथे जोडलाय त्या पिन-बुशमध्ये खेळ किती आहे? तिन्हीचं उत्तर "नाही" आणि "माहीत नाही" असेल तर ओरिजिनल किटसुद्धा वर्ष काढणार नाही.

अजून एक. फोटोत बकेट ड्रमवर टेकवून ठेवलेली दिसते. तशीच असते का नेहमी?

गाळा_नंबर_९

तिन्हीचं उत्तर तुम्ही लिहिलंय तेच, काका. बकेट ड्रमवर असते कारण जमिनीवर ठेवली की पावसाचं पाणी साचून तळ गंजतो, असं वॉचमनचं म्हणणं.

टर्नरकाका

मग डाव्या रॉडला हात लावून बघ. ग्लँडपासून (रॉड बॅरलमधून बाहेर येतो ते तोंड) वीतभर पट्ट्यात बारीक खड्डे लागतील. बकेट पूर्ण खाली असली की लिफ्टचे रॉड आत, तेलात असतात. ड्रमवर ठेवली की तेवढा भाग अख्खा पावसाळा बाहेर. मानखुर्दची खाडीची हवा आणि जून ते सप्टेंबरचं पाणी. क्रोम वरून चकचकीत दिसतो, पण त्याला केसासारख्या भेगा असतातच. त्यातून ओल आत जाते, खालचं लोखंड फुगतं आणि क्रोमचा टवका उडतो. त्या टवक्याची कड म्हणजे कानस. बकेट वर-खाली केली की ती सीलच्या ओठावरून फिरते.

मीटर_बार

काका, सहमत. फक्त इथे दोन दुखणी एकत्र होतायत. रॉडवरचा ओघळ हे ग्लँडमधल्या रॉड सीलचं काम, ते डोळ्यांना दिसतं. आर्म बसणं ही वेगळी गळती. ओघळातून जितकं तेल जातं तितक्याने आर्म एवढ्या वेळात खाली येत नाहीत.

आणि धागाकर्ते, पिस्टन सील बदलून बसणं थांबलं नाही यात मला काहीच नवल वाटत नाही. आधी कंट्रोल व्हॉल्व्ह बघा.

हायवे_हमाल

ताई, पिस्टनचं सील गेलं की जॅक बसतो हे शेंबडं पोरही सांगेल. उभा जन्म या कामात गेला. व्हॉल्व्ह कुठून मध्ये आणलात?

मीटर_बार

दादा, राग नको. मी हायड्रॉलिक डिझाइनमध्ये आहे, माझा जन्मही यातच चाललाय. आकडे मांडते, मग ठरवा.

लिफ्ट जॅकमध्ये वजन रॉडला आत ढकलतं आणि पिस्टनच्या मागचं तेल ते पेलतं. समजा बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, ९० मिमी, रॉड ५० मिमी. मागच्या बाजूचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. रॉडचं १९.६. पुढच्या बाजूला राहिले ४४. एका जॅकवर ३ टन आले तर मागे प्रेशर साधारण ४७ किलो, दर चौरस सेंटिमीटरला.

आता पिस्टन सील फाटलं. तेल मागून पुढे जाणार. पण पुढच्या बाजूला रॉडने जागा अडवली आहे, मागून निघालेलं सगळं तेल तिथे मावतच नाही. दोन्ही पोर्ट (तेल आत-बाहेर जायची भोकं) खरोखर बंद असतील तर रॉड आत सरकायला वाव कुठे? दोन्हीकडचं प्रेशर सारखं होतं आणि चढत जातं, रॉडच्या क्षेत्रफळावर ३ टन तोलले जाईपर्यंत. म्हणजे ३००० भागिले १९.६, जवळपास १५३ किलो. तिथे आर्म थांबतात. बसायचे असतील तर तेलाला सिलिंडरच्या बाहेर पडून टाकीत जावंच लागेल, आणि इंजिन बंद असताना टाकीचा रस्ता व्हॉल्व्हच्या स्पूलवरूनच (लिव्हरने आत सरकणारा दांडा) जातो.

हायवे_हमाल

कागदावर ठीक आहे. मग सील बदललं की कित्येक मशीनचं बसणं कमी होतं, हे मी स्वतः केलंय, ते कसं?

मीटर_बार

हा प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात. सील फाटलेलं असतं तेव्हा व्हॉल्व्हच्या दोन्ही पोर्टवर १५३ किलो. नवीन सील टाकलं की एकाच पोर्टवर ४७. झिजलेला स्पूल दोन्ही वेळा गळतोच, पण तिप्पट प्रेशरला जास्त गळतो. त्यामुळे सील बदलल्यावर बसणं कमी होतं आणि श्रेय सगळं सीलला मिळतं. तुमचा अनुभव खोटा नाही, कारण दुसरं आहे.

हे फक्त वजन रॉडला आत ढकलत असेल तिथे. जिथे वजन रॉडला बाहेर खेचतं तिथे उलट: पिस्टन सील एकटं गेलं तरी जॅक सुटतो, कारण मागे जागा जास्त होते आणि तिथे नुसती पोकळी तयार होते.

पेणकर

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गाळा_नंबर_९

ताई, हे घरच्या घरी तपासायचं कसं? मिस्त्री म्हणतो, "कान लावून ऐका, सू सू आवाज येतो."

मीटर_बार

कान लावू नका, कृपया. हाय-प्रेशरचा बॉल व्हॉल्व्ह आणा, ३०० बारच्या वरचा. पाण्याच्या नळाचा पितळी चालणार नाही. लिफ्टच्या मागच्या बाजूच्या लाइनमध्ये, दोन्ही जॅकना फाटा फुटायच्या आधी, तो बसवा. बकेटमध्ये थोडी खडी, आर्म कमरेच्या उंचीवर. रॉडवर ग्लँडला लागून टेपची पट्टी लावा, खूण ओरखडून करू नका. इंजिन बंद. आधी बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवून किती वेळात किती बसतं ते बघा. मग परत उचला, इंजिन बंद करून बॉल व्हॉल्व्ह बंद करा.

बसणं पूर्ण थांबलं, तर पिस्टन सील ठणठणीत, दोष व्हॉल्व्हचा. कमी झालं पण थांबलं नाही, तर सीलही गळतंय: तेल पिस्टनवरून पुढे येऊन पुढच्या लाइनने व्हॉल्व्हमधून जातंय. मग दुसरा बॉल व्हॉल्व्ह पुढच्या लाइनला लावा. दोन्ही बंद केल्यावर फाटक्या सीलनेही आर्म धरले पाहिजेत. हायवेदादांची पैज यावरच लागू दे.

गोदीवाले_आबा

बाई हुशार आहेत. मी गोदीतल्या क्रेनवर नोकरी केली, निवृत्त होऊनही जमाना झाला. दोन गोष्टी सांगतो, त्या कोणी लिहिल्या नाहीत.

पाइप सैल करण्याआधी आर्म सेफ्टी लॉकवर किंवा घोडीवर टेकवायचे, इंजिन बंद करायचं आणि मग लिव्हर दोन-चार वेळा पुढे-मागे हलवायचा, म्हणजे कोंडलेलं प्रेशर सुटतं. आर्मखाली कोणी उभं राहायचं नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

दुसरं, पाइपला बारीक भोक पडलंय असा संशय आला तर हाताने चाचपायचं नाही. पुठ्ठा धरायचा. त्या प्रेशरचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि माणूस फडकं गुंडाळून कामाला लागतो. तसं झालं तर त्याच मिनिटाला हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना सांगायचं की प्रेशरचं तेल आत गेलंय. चिरून साफ करावं लागतं. उशीर झाला की बोट जातं, कधी हात जातो.

अवांतर: तुम्ही सगळे पॉलियुरेथेन बोलताय. आमच्या सुरुवातीला काही जुन्या सिलिंडरांत चामड्याचे कप होते, तेलात भिजवून बसवायचे. ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हा त्याचंही घोडं याच गळतीपाशी अडलं होतं. त्याच्याकडचा कारागीर मॉडस्ले, त्याने चामड्याचा कप बसवून ते सोडवलं असं सांगतात. प्रेशर वाढलं की कप भिंतीला जास्त घट्ट धरतो. आजच्या यू-कपचं तत्त्व तेच.

तळोजा_रेंटल

आबांच्या पुठ्ठ्याला +१०००. आमच्याकडे प्रत्येक ऑपरेटरच्या सीटखाली पुठ्ठा असतो, नसला तर मी ओरडतो.

बाकी दोन बॉल व्हॉल्व्ह, टेप, पैज… अहो, एवढ्यात माझं दुसरं मशीन भाड्याने गेलं.

गाळा_नंबर_९

निकाल देतो.

बॉल व्हॉल्व्ह उघडा: पूर्वीसारखंच, बघता बघता टेप ग्लँडपासून सरकली. मागची लाइन बंद: वेग निम्म्याहून कमी, पण सरकणं चालू. दोन्ही लाइन बंद: टेप जिथे लावली तिथेच. जेवून आलो तरी तिथेच. काका खुर्ची टाकून समोर बसले होते, त्यांना वाटलं मी मध्येच इंजिन चालू केलं.

म्हणजे सीलही गेलंय आणि व्हॉल्व्हही, बरोबर ना ताई? कुठल्या जॅकचं सील ते कसं ओळखू?

मीटर_बार

बरोबर. आता आर्म शेवटपर्यंत वर न्या, सेफ्टी लॉक लावा, प्रेशर सोडा. दोन्ही जॅकचे पुढच्या बाजूचे पाइप काढून पाइपांच्या तोंडांना स्टीलचे प्लग मारा. उघड्या पोर्टखाली डबे ठेवा. इंजिन चालू करून एकाने लिव्हर "वर" ला काही सेकंद धरायचा, जास्त नको, रिलीफ व्हॉल्व्हवर तेल तापतं. दुसऱ्याने लांबून बघायचं. सुरुवातीला उरलेलं तेल गळेल. नंतर ज्या पोर्टमधून धार चालू राहील तो जॅक खोला. दुसऱ्याला उगाच हात लावू नका.

हायवे_हमाल

दोन्ही बंद केल्यावर फाटक्या सीलने धरलं हे मान्य. माझ्याकडून आबांना आणि ताईंना वडापाव. व्हॉल्व्हचं मी इतकं धरत नव्हतो.

आता खोलण्याचं मी सांगतो. जॅक काढल्यावर ग्लँड चुडीचा (आट्यांचा) असेल तर हुक पाना लागेल. छिन्नी-हातोड्याने ग्लँड फिरवलेला दिसतो तिथे मागच्या मिस्त्रीचा स्वभाव कळतो. रॉडला पाइप पाना लावायचा नाही, कितीही चिंध्या गुंडाळल्या तरी. आणि पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही! गॅरेजात सर्रास मारतात. रॉड तोफेसारखा सुटतो. चेन ब्लॉकने सरळ ओढा. पोर्ट दोन्ही उघडे ठेवा. पिस्टनचा नट गॅस मारून सैल करायचा असेल तर बॅरलच्या बाहेर, तेल पुसून, आणि नट परत वापरू नका.

गाळा_नंबर_९

धार डाव्या जॅकची निघाली. उजवा कोरडा. काल डावा खोलला, हायवेदादांनी सांगितलं तसाच, आणि काकांच्या ओळखीच्या लेथवर नेला साकीनाक्याला. बघितलेलं लिहितो:

पिस्टन सील एकाच जागी कापलेलं. बाकी सगळा घेर नवा. कापलेली जागा बॅरलच्या पोर्टच्या भोकाच्या रेषेत येते. भोकाच्या आतल्या कडेला बोट फिरवलं (लेथवाल्याने फिरवलं, मला फिरवू दिलं नाही) तर धारदार बर, म्हणजे लोखंडाची उचललेली कड.

रॉडवर टर्नरकाकांनी सांगितला तोच पट्टा, खड्डे. काही ठिकाणी क्रोमच्या कडा उचललेल्या.

रॉडचं माप ५०.७६. आणि दिवाळीच्या किटमधलं रॉड सील, त्यावर छापलंय ५० × ६०.

टर्नरकाका

२ इंच म्हणजे ५०.८. जुन्या ब्रिटिश मशीनवर इंचाचं माप भेटतं. दुकानदाराने व्हर्नियर लावला असेल, पन्नास-पॉइंट-काहीतरी आलं असेल, काउंटरवर ५० चं पडलेलं असेल. ०.८ मिमी ताणून सील बसतं, बसवणाऱ्याला कळतही नाही. ओठ रॉडवर आवळून बसतो, तापतो, लवकर झिजतो. थोडे दिवस ओघळ बंद होता तो याचमुळे, आवळलेलं होतं म्हणून.

पिस्टनचं सील म्हणजे सरळ बसवण्यातली चूक. आत ढकलताना पोर्टच्या भोकावरून जाताना कापलं. भोकाची आतली कड आधी गोल करून घ्यायची, बारीक कानस आणि एमरीने. नाहीतर बाहेरून लाकडाची गुळगुळीत खुंटी घालून भोक आतल्या भिंतीशी लेव्हल करायचं आणि सील पुढे गेल्यावर काढायची.

आता रॉडचं. तीन रस्ते. खड्डे एक-दोन असते तर ऑइलस्टोनने कडा मारून चालवून घे म्हटलं असतं. तुझा पट्टा आहे. दुसरा रस्ता, जुना क्रोम काढून, रॉड ग्राइंड करून, परत हार्ड क्रोम आणि परत ग्राइंड. नेहमीचा थर २०-२५ मायक्रॉनचा असतो. खड्डे त्याहून खोल असतील तर आधी रॉड आणखी खाली घ्यावा लागतो आणि मग जाड थर चढवावा लागतो. जाड थर घाईत चढवला की सोलून येतो. शेवटचं पॉलिश आरशासारखं नको म्हणून सांग, ०.२ ते ०.४ आरए (खरखरीतपणाचं माप) पुरे. फारच गुळगुळीत रॉडवर तेलाची साय टिकत नाही, सील कोरडं घासतं.

तिसरा रस्ता, तयार क्रोम रॉड मीटरवर मिळतो, कापून चुडी पाडून डोळा वेल्ड करायचा. लोक हाच घेतात. पण ५०.८ चा मिळाला तरच. ५० चा लावून ग्लँडला स्लीव्ह मारणारे आहेत, मी त्यातला नाही. आणि डोळा वेल्ड करताना रॉड ईएन-८ पोलादाचा असेल तर आधी तापवायचा, ७०१८ चा कोरडा वेल्डिंग रॉड वापरायचा, नंतर जॅकचा रॉड राखेत हळू थंड होऊ द्यायचा. पाणी मारलं की डोळा बकेटसकट हातात येईल.

गाळा_नंबर_९

री-क्रोम करतोय. क्रोमवाल्याने रॉड व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावला, वाक नाही म्हणाला. बॅरल बोअर गेजने तीन जागी, दोन दिशांनी मोजलं. मधोमध थोडं पोट आहे, पण ओरखडे नाहीत.

मीटर_बार

पोट किती? या मापाच्या बोअरला एच-८ या दर्जाची मापातली सूट ५४ मायक्रॉन असते. त्याच्या आसपास असेल तर हलकं होनिंग (आतून घासणं) करून सोडून द्या. झीज पूर्ण काढायच्या हव्यासापायी बोअर मोठा केला की बाजारातलं एकही सील बसणार नाही, लेथवर कापून घ्यावं लागेल. तेही मिळतं, पण कशाला.

सील घेताना जुनं सील नमुना म्हणून नेऊ नका. ते तेलात फुगलेलं आणि दबलेलं असतं, आणि तुमच्या बाबतीत तर मुळातच चुकीचं आहे. रॉडचा व्यास, बोअरचा व्यास, खाचांची रुंदी आणि खोली, एवढं कागदावर लिहून न्या. ओ-रिंगची जाडीही बघा: इंची रिंग ३.५३ असते, काउंटरवर ३.५ किंवा ३ ची हातात देतील. नव्वद शोअर कडकपणाची मागा. तिच्यामागे बॅकअप रिंगची जागा असेल तर ती प्रेशरच्या उलट्या बाजूला.

नागदेवीकर

माझं दुकान नागदेवी स्ट्रीटला आहे, म्हणून थोडं आमच्या बाजूनेही. गिऱ्हाईक येतं, फाटकं सील काउंटरवर टाकतं, "असंच द्या, ड्रायव्हर गाडीत थांबलाय." माप विचारलं की चिडतं. मग आमचा पोरगा जवळचं देतो. ताईंनी लिहिलं तसा कागद घेऊन कोणी आलं तर आम्ही आतल्या माळ्यावरून इंची माल शोधून काढतो, असतो तो. शनिवारी दुपारी येऊ नका, सोमवारी सकाळी या.

टर्नरकाका

गाळेवाल्या, पिन-बुशचं उत्तर अजून आलं नाही.

गाळा_नंबर_९

आलं आलं. डाव्या जॅकची खालची पिन एका बाजूने झिजून पायरी पडली होती, नखाला लागते. बुश लंबगोल. उजवीकडे ठीक.

टर्नरकाका

तेच. पिन ढिली असली की जॅक सरळ ढकलत नाही, रॉड ग्लँडवर तिरका रेलतो. गाइड रिंग एका बाजूने खाल्लेली सापडली असणार, कचऱ्यातून शोधून बघ. पिन-बुश न बदलता सोन्याचं सील टाकलंस तरी डावाच परत ओघळणार. डोळ्याचं भोकही लंबगोल झालं असेल तर नुसता बुश ठोकून चालणार नाही, भोक बोअर करून घे.

तळोजा_रेंटल

हे मात्र खरं. आमच्याकडे ग्रीस मारायचा आळस आणि जॅकचा खर्च हातात हात घालून येतात.

गाळा_नंबर_९

बसवलं एकदाचं. नागदेवीकरांकडे (किंवा त्यांच्या शेजाऱ्याकडे, विचारलं नाही) कागद घेऊन गेलो, इंची सील मिळालं. पिस्टनची टेफ्लॉन रिंग ताणून खाचेत घातल्यावर सैल लोंबत होती, घाबरलो. लेथवाल्याने तेल तापवून रिंग आधीच बुडवली होती, वरून पत्र्याची पट्टी गुंडाळून होज क्लिपने आवळून ठेवली, थंड झाल्यावर बरोब्बर बसली. ग्लँड रॉडवर चढवताना चुडीवर टेप गुंडाळला. ओठाची दिशा प्रत्येक वेळी दोघांनी बघितली: उघडं तोंड प्रेशरकडे, वायपरचं (रॉडवरची धूळ पुसणाऱ्या रिंगचं) तोंड बाहेर.

तेल दुधाळ निघालं होतं, सगळं काढलं. टाकीच्या तळाला पाइपच्या आतल्या रबराचे काळे तुकडे. टाकी पुसली, फिल्टर नवीन, ६८ नंबरचं तेल. पहिल्यांदा बकेट रिकामी ठेवून सावकाश वर-खाली केली, हवा निघेपर्यंत.

ओघळ नाही. बसणं बरंच कमी, तरी आहे. व्हॉल्व्ह अजून खोललेला नाही. त्याचं काय करू?

हायवे_हमाल

स्पूलच्या टोकाच्या ओ-रिंगा बदलून देतो म्हणणारा कोणी भेटेल. त्या बाहेरची गळती थांबवतात, आतली नाही. त्याला पैसे देऊ नका.

मीटर_बार

दादांशी पूर्ण सहमत. स्पूल आणि बॉडी जोडीने घासून बसवलेले असतात, मधली फट काही मायक्रॉनची. नुसता स्पूल नवीन आणून चालत नाही. खरी दुरुस्ती म्हणजे स्पूलला क्रोम चढवून त्याच भोकात लॅप करून बसवणं. करणारे आहेत, पण हात चांगला हवा. एखादा हात वाईट निघाला तर स्पूल मध्येच अडकेल आणि लिव्हर सोडल्यावर बकेट वर जातच राहील, ते बसण्यापेक्षा धोक्याचं.

लोड चेक व्हॉल्व्ह बदला असंही कोणी सांगेल. तो लिव्हर हलवल्या क्षणी बकेट दचकून खाली येऊ नये म्हणून असतो. न्यूट्रलला वजन धरणं त्याचं काम नाही.

तुमच्या वापराला मी म्हणेन, आता जितकं बसतं तितकं बसू दे. स्पूल व्हॉल्व्ह नवाकोरा असला तरी थोडं गळतोच, त्याच्या भरवशावर आर्म वर ठेवून खाली काम करायचंच नसतं. खरोखर धरून ठेवायचं असेल तर जॅकच्या पोर्टवरच पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हर हलवला तरच तेल परत सोडणारा) बसवा. आणि ते बॉल व्हॉल्व्ह काढलेत ना? पुढची लाइन चुकून बंद राहिली आणि कोणी लिव्हर "वर" ला ओढला तर पंप मागच्या बाजूला प्रेशर भरेल, पुढे ते आणखी वाढून बसेल आणि पाइप फुटू शकेल.

गाळा_नंबर_९

काढले. काकांना एक ठेवायचा होता, "कामाला येईल" म्हणून. डब्यात ठेवलाय.

पेणकर

आमच्या ट्रॅक्टर-लोडरचं मागचं बूम बसतं. मीही हीच बॉल व्हॉल्व्हची टेस्ट करू का?

मीटर_बार

आधी बूम वर असताना वजन त्या जॅकचा रॉड आत ढकलतंय की बाहेर खेचतंय ते बघा आणि फोटो टाका. खेचत असेल तर वजन पुढच्या बाजूचं तेल पेलतं. बॉल व्हॉल्व्ह त्या लाइनला लागेल, आणि तो बंद करूनही बूम आला तर सरळ पिस्टन सील.

टर्नरकाका

पेणकर, फोटोत पिनही येऊ दे. आणि बकेट ड्रमवर असेल तर आधी खाली घे, पाऊस आलाय.